जाहीरनाम्याआधी डमी : संपादकपदाच्या उमेदवारासाठी स्क्राइबस १.६

विद्यार्थ्यांच्या वाङ्मयीन अंकाच्या संपादकपदाला चार जण उभे असले तरी जाहीरनामा बहुधा एकच असतो. दर्जेदार साहित्य, नव्यांना संधी, वेळेवर अंक, देखणी मांडणी. यातलं काही खोटं नसतं, पण तपासताही येत नाही. निवड मतदानाने होवो की मावळत्या संपादक मंडळाच्या मुलाखतीने, समोरच्याला एकच जाणून घ्यायचं असतं : या माणसाच्या हातून अंक निघेल का? सोळा पानांची डमी, म्हणजे अंकाचा छोटा नमुना, हातात दिली की त्याचा बराचसा अंदाज येतो. ही डमी फुकट, कायदेशीरपणे आणि छापखान्याला चालेल अशा पद्धतीने करायची तर स्क्राइबस हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी पाहावं. इथलं परीक्षण याच कामापुरतं आहे. पोस्टर, ब्रोशर वगैरेंसाठी ते कसं आहे, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगून टाकू. उमेदवाराच्या डमीसाठी उत्तम. शंभरेक पानांच्या अंकासाठी चांगलं, थोडी चिडचिड गृहीत धरून. आणि ज्यांच्याकडचा सगळा मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरव्यवस्था) नसलेल्या फॉन्टांत आहे त्यांना स्क्राइबस उघडायच्या आधी आठवडाभर दुसरंच काम आहे.

आवृत्तीचा मुद्दा पहिला, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. स्क्राइबसची १.० आवृत्ती २००३ सालची. तरी १.४ मालिकेपर्यंत देवनागरी त्याला जमत नव्हती. ‘क्षितिज’ लिहिलं की पाय मोडलेला क आणि ष सुटे सुटे दिसायचे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. २०१७च्या १.५.३ या चाचणी आवृत्तीत मजकूर बसवणारं इंजिनच बदललं आणि जोडाक्षरं नीट जुळायला लागली. १ जानेवारी २०२४ रोजी आलेल्या १.६.० मध्ये हे काम स्थिर आवृत्तीत पोचलं. तेव्हा १.६ मालिकेतलीच आवृत्ती घ्या. संस्थेच्या संगणकावर कुणीतरी पूर्वी घालून ठेवलेली १.४ असेल तर ती काढा. १.६ मध्ये साठवलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही आणि हे नेमकं आदल्या रात्री कळतं. इंटरनेटवरचे बरेच शिकवणीचे व्हिडिओ अजून १.४चे आहेत. त्यांतला मेन्यू जागेवर सापडला नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. विंडोजवर सुरुवातीलाच घोस्टस्क्रिप्ट हे जोड-सॉफ्टवेअर नसल्याची सूचना येते. ईपीएस चित्रं आणि छपाईपूर्व दर्शन यांना ते लागतं, म्हणून सोबतच बसवून घ्यावं.

नवीन दस्तऐवज उघडताना जे आकडे भरता त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. आकार ए५, म्हणजे १४८ × २१० मिमी. मांडणी समोरासमोरच्या पानांची, पहिलं पान उजवं. समास : आतला २० मिमी, बाहेरचा १५, वरचा १८, खालचा २०. ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर जाणारी छपाईची जादा जागा, चारही बाजूंना ३ मिमी. पानं सोळा. मजकुराच्या चौकटी आपोआप टाकण्याचा पर्याय डमीपुरता बंद ठेवा, कारण कविता, कथा आणि चित्र या तिन्हींची चौकट वेगळी असते.

आतला समास कमी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पडद्यावर तो रिकामा वाटतो. मात्र चिकटवलेल्या बांधणीत पान पूर्ण उघडत नाही आणि पाचेक मिमी कण्याकडे, म्हणजे बांधणीच्या बाजूला, जातात. तिथे १२ मिमी समास ठेवला तर ओळीची शेवटची अक्षरं वाचायला अंक दोन्ही हातांनी ताणावा लागतो. मध्ये पिना मारलेल्या बांधणीत त्रास उलटा असतो. पानं जास्त झाली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास बारीक होतो. म्हणून पृष्ठांक कडेला अगदी टेकवू नये.

पृष्ठांक मास्टर पानावर टाकायचा, म्हणजे ज्यावरचं सगळ्या पानांवर आपोआप उमटतं त्या साच्याच्या पानावर. डाव्यासाठी एक मास्टर, उजव्यासाठी एक, आणि इन्सर्ट मेन्यूतून ‘पेज नंबर’ हे चिन्ह. मास्टरवर ते # असं दिसतं, खऱ्या पानावर आकडा येतो. इथे एक सापळा आहे. मध्येच एक पान घुसवलं की पुढची डावी पानं उजवी होतात आणि पृष्ठांक कण्याच्या बाजूला गेलेले सापडू शकतात. पानं नेहमी दोन-दोननेच वाढवा किंवा कमी करा, आणि तसं केल्यावर एकदा सगळ्या पानांवरून नजर फिरवा. अनुक्रमणिका हातानेच करा आणि सगळ्यात शेवटी करा.

आता मजकूर. जाहीरनाम्यात जिचा कधीच उल्लेख नसतो आणि जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, ती गोष्ट हीच. साहित्य येतं ते तीन रूपांत : युनिकोडमध्ये टंकलेलं, जुन्या फॉन्टात टंकलेलं आणि हस्तलिखिताचा फोटो. जुन्या फॉन्टातली फाइल पडद्यावर मराठी दिसते, कारण तो फॉन्ट त्या संगणकावर असतो. मजकूर मात्र आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. फॉन्ट बदलला की सगळी गिचमीड. तो परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणाऱ्या साधनातून, काढावा लागतो आणि परिवर्तक विश्वासू नोकरासारखा वाटला तरी त्याच्या मागून झाडून घ्यावं लागतं. ठरलेल्या चुका अशा : रफार एक अक्षर पुढे-मागे, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर, आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’. शेवटची चूक सगळ्यात घातक, कारण ती शुद्धलेखन तपासनिसाला चूक वाटतच नाही. ‘आचाऱ्यांना बोलावलं’चं ‘आचार्यांना बोलावलं’ झालं की स्वयंपाकघरात गुरुजी उभे राहतात.

यातच आणखी एक खुबी. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. छापील रूप सारखंच दिसतं. पण ‘शोधा’मध्ये एक प्रकार टाकला की दुसरा सापडत नाही. एकाच कथेत पात्राचं नाव किंवा गावाचं नाव बदलायचं असेल आणि त्यात हे अक्षर असेल तर निम्म्या ठिकाणी जुनं नाव तसंच राहतं. आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये आधी एका प्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर करून घ्यायचं, मग बाकीची साफसफाई : दुहेरी मोकळ्या जागा, ओळीच्या शेवटी मारलेले एंटर, समास म्हणून ठोकलेले स्पेस, पूर्णविरामाआधीची जागा. हे सगळं लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करा आणि ओडीटी या त्याच्या स्वतःच्या स्वरूपात साठवा. स्क्राइबस वर्डच्या फाइलीही घेतो, तरी ओडीटी जास्त भरवशाची. आयात करताना फक्त मजकूर घ्यायचा पर्याय निवडला तर लेखकाने लावलेली सतराशे साठ सजावट गळून पडते. तिरपा टाइपही गळतो, हे लक्षात असू द्या. मुद्दाम तिरपे केलेले शब्द कागदावर टिपून ठेवायचे आणि नंतर परत लावायचे.

फॉन्टाबाबत फार प्रयोग नकोत. मूळ मजकुराला टिरो देवनागरी मराठी छान बसतो. त्यातले ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत. काही फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण भाषेची खूण लावल्यावरच मिळतं. ती खूण एखाद्या शैलीत, म्हणजे टाइप-अंतराच्या साठवलेल्या मापांत, राहून गेली की एकाच पानावर दोन प्रकारचे ल दिसतात. टिरोमध्ये साधा आणि तिरपा एवढेच प्रकार आहेत, ठळक नाही. स्क्राइबस खोटा ठळकपणा तयार करत नाही, आणि हा त्याचा गुणच म्हणायचा. शीर्षकांसाठी मुक्ता घ्यावा, त्यात सात वजनं मिळतात. नोटो सेरिफ देवनागरीही चालतो. तिन्ही मुक्त परवान्याचे असल्याने छापायला आणि पीडीएफमध्ये बसवायला अडचण नाही.

स्क्राइबसचं खरं बळ शैलींमध्ये आहे. एफ४ दाबलं की शैलींची खिडकी उघडते. वाङ्मयीन अंकाला सात-आठ पुरतात : मजकूर, पहिला परिच्छेद, शीर्षक, लेखकाचं नाव, कविता, उद्धृत, टीप, पृष्ठांक. ‘मजकूर’ ११ पॉइंटवर, ओळींमधलं अंतर १६ पॉइंट, परिच्छेदाची पहिली ओळ ५ मिमी आत. ‘पहिला परिच्छेद’ त्याच्यावरच आधारलेला, फक्त आत न सरकवलेला. अशी वंशावळ लावली की नंतर एका जागी आकडा बदलून सगळा अंक बदलतो. ओळींची आधाररेषा, म्हणजे अक्षरं ज्यावर बसतात ती न छापली जाणारी रेषा, हीही १६ पॉइंटवर ठेवून मजकुराच्या शैली तिला बांधा. मग समोरासमोरच्या पानांतल्या ओळी एका पातळीत येतात आणि पातळ कागदावर मागच्या ओळी पुढच्या ओळींच्या मधून डोकावत नाहीत. डमी चाळणाऱ्याला याचं कारण सांगता येणार नाही, पण फरक त्याला जाणवतो.

दोन्ही कडा सरळ ठेवायच्या की उजवी मोकळी? मराठीत ओळीच्या शेवटी शब्द सहसा तोडत नाहीत, आणि आपले शब्द प्रत्यय घेऊन लांबतात. ‘स्वातंत्र्यसैनिकांबद्दलचा’ ओळीत मावला नाही की आधीच्या ओळीत भलीमोठी भगदाडं पडतात. ११३ मिमी रुंदीच्या एका स्तंभात हे खपून जातं. दोन स्तंभ केले की नाही खपत. ही भगदाडं बुजवायला अक्षरांमधलं अंतर वाढवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. देवनागरीत अक्षरं लांबवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दात कंगव्यासारख्या फटी दिसतात. वाक्यात एखादा शब्द इकडचा तिकडे करून घ्यावा, अर्थात लेखकाला विचारून, नाहीतर उजवी कड सरळ मोकळी सोडावी. पहिलं अक्षर दोन-तीन ओळी उंच करण्याची इंग्रजी पद्धतही इथे अंगाशी येते. शिरोरेषा जुळत नाही आणि मात्रा वर निघते.

कवितेची पानं हीच संपादकाची परीक्षा, आणि इथे स्क्राइबस वर्डच्या कितीतरी पुढे आहे. कवितेची प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद धरा. ‘कविता’ शैलीला डावीकडून ६ मिमी आत सरकवा आणि पहिल्या ओळीला वजा ६ मिमी द्या. लांब ओळ पानात मावली नाही की तिचा उरलेला तुकडा आपोआप आत सरकून येतो आणि वाचणाऱ्याला कळतं की ही नवी ओळ नाही. हे न केल्यामुळे अनेक अंकांत मुक्तछंदाची लय छापखान्यातच बदलते. कविता मधोमध रांगेत लावू नका. लग्नपत्रिकेला ते शोभतं. कडव्यांमधलं अंतर रिकाम्या ओळीनेच द्या, म्हणजे आधाररेषा सांभाळली जाते. कवीने मुद्दाम दिलेली अंतरं टॅबने बसवा. स्पेस मोजून बसवलेली अंतरं फॉन्ट बदलला की हलतात. कविता पान ओलांडणारच असेल तर तोड कडव्याच्या शेवटी हवी आणि शक्यतो डाव्या पानावरून उजव्यावर. पान उलटून शेवटच्या दोन ओळी वाचायला लावणं हा कवीवर अन्यायच. गद्यासाठी मजकुराच्या गुणधर्मांत एकटी ओळ मागे किंवा पुढे राहू न देण्याची सोय आहे. ती ‘मजकूर’ शैलीतच दोन ओळींवर लावून टाका.

आता जाहीरनामा आणि डमी समोरासमोर ठेवा. वर दिलेल्या समासांनी मजकुराची जागा ११३ × १७२ मिमी राहते. १६ पॉइंट अंतराने तिथे ३० ओळी बसतात, ओळीला साधारण नऊ शब्द, म्हणजे परिच्छेदांच्या अर्ध्या ओळी वजा जाता पानाला २६० शब्दांच्या आसपास. १८०० शब्दांची कथा सात पानांत बसेल असं वाटतं. शीर्षक पानाचा तिसरा हिस्सा खातं आणि पुढची कथा नव्या पानावर सुरू होते, म्हणून प्रत्यक्षात आठ पानं लागतात. अशा आठ कथा म्हणजे ६४ पानं. नामपृष्ठ, श्रेयनामावली, अनुक्रमणिका, संपादकीय यांची सहा. एकूण ९६ पानांच्या अंकात २६ उरली. पानाला एक या हिशेबाने वीस कविता आणि चित्रांसाठी सहा पानं. झाला अंक भरून. ‘दहा कथा, चाळीस कविता’ असं आश्वासन द्यायचं तर चित्रं वगळूनही ८० + ४० + ६, म्हणजे १२६ पानं. सोळा पानी फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबात ती १२८ होतात, म्हणजे सहाच्या जागी आठ फर्मे. कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च त्या प्रमाणात वाढतो. ‘आलेलं सगळं छापू’ म्हणणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला एवढा एकच हिशेब विचारावा.

यावर एक पळवाट नेहमी सुचवली जाते : टाइप बारीक करा. १० पॉइंट टाइप आणि १४ पॉइंट अंतर केलं की ३४ ओळी बसतात आणि पानाला सव्वातीनशे शब्द जातात. रोमन लिपीत हे चालून जातं. देवनागरीत वरची मात्रा-रफार आणि खालचा उकार यांना जागा लागते, त्यामुळे पान काळं दिसायला लागतं. टीपांना ठीक, कथेला नाही. याच्यापेक्षा एक कथा कमी घ्यावी.

चित्रांबाबत चुका ठरलेल्याच. ए५ पानभर, ब्लीडसकट चित्र हवं तर ते १५४ × २१६ मिमी होतं, आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्याचे सुमारे १८२० × २५५० पिक्सेल लागतात. निरोपाच्या अॅपवरून आलेला, दाबून बारीक झालेला १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जेमतेम १० सेंमी रुंदीपर्यंत नीट छापला जातो. चित्रकाराकडून मूळ फाइल ई-मेलने किंवा ड्राइव्हवरून मागवा. शाईची रेखाचित्रं राखाडी छटांत ६०० डीपीआयने स्कॅन करा. मजकुराचा काळा रंग ‘ब्लॅक’ नावाचाच घ्या. यादीत ‘रजिस्ट्रेशन’ आणि ‘रिच ब्लॅक’ही दिसतात. पडद्यावर सगळे काळेच दिसतात, पण ते मजकुराला लावले तर एकाच बारीक अक्षरावर अनेक शाया चढतात आणि शायांची नोंदणी, म्हणजे एकमेकींवर नेमकं बसणं, जरा हलली की अक्षराला रंगीत सावली येते.

मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये करा. चिकटवलेल्या बांधणीत कण्याची जाडी म्हणजे पानांची संख्या भागिले दोन, गुणिले कागदाची जाडी. कागद ०.१ मिमीचा असेल तर ९६ पानांचा कणा ४.८ मिमी. एवढ्या कण्यावर अंकाचं नाव घालायचा आग्रह धरू नये. घडी अर्धा मिमी सरकली तरी नाव मुखपृष्ठावर येतं. कागदाची खरी जाडी छापखान्याला विचारून घ्या.

पीडीएफ काढण्याआधी स्क्राइबसचा तपासनीस चालवायचा, आणि त्याने दाखवलेली एकही सूचना ‘दुर्लक्ष करा’ म्हणून उडवायची नाही. तो गहाळ अक्षरं, कमी डीपीआयची चित्रं, सापडत नसलेल्या चित्रांच्या फाइली आणि चौकटीबाहेर सांडलेला मजकूर पकडतो. यातलं सांडणं सगळ्यात वाईट. मजकूर चौकटीत मावला नाही की उजव्या खालच्या कोपऱ्यात फुलीची बारीकशी चौकट दिसते आणि उरलेला मजकूर पीडीएफमध्ये चुपचाप गायब होतो. कथेचं शेवटचं वाक्य किंवा कवितेची शेवटची ओळ जाते ती अशीच, आणि वाचणाऱ्याला तो प्रयोग वाटतो! चौकट वाढवा किंवा एन दाबून पुढच्या चौकटीला जोडा. जोड तोडायला यू.

छापखान्याने पीडीएफ/एक्स-३ किंवा एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफच्या जाती) मागितलं तर आधी रंगव्यवस्थापन सुरू करावं लागतं. नाहीतर ते पर्याय निवडताच येत नाहीत आणि माणूस तासभर शोधत बसतो. एक्स-३ला पारदर्शकता चालत नाही. चित्रावर अर्धपारदर्शक पट्टी टाकून त्यावर शीर्षक द्यायची हौस असेल तर एक्स-४ चालेल का हे विचारून घ्या. निर्यातीत प्रीप्रेस विभागात दस्तऐवजाचं ब्लीड वापरण्याची खूण करा आणि पानं सुटी पाठवा, जोडीने नाही. पानं फर्म्यात लावणं हे छापखान्याचं काम, आणि स्क्राइबसमध्ये त्याची सोयही नाही.

ही उणीव डमीच्या वेळी जाणवते. घरच्या प्रिंटरवर पुस्तिका छापायची तर पीडीएफ वाचकातला ‘बुकलेट’ पर्याय वापरा. सोळा पानांना ए४चे चार कागद लागतात, पाठपोट, छोट्या कडेवर उलटणारे. पहिल्या कागदावर बाहेर १६ आणि १, आत २ आणि १५. शेवटच्यावर बाहेर १० आणि ७, आत ८ आणि ९. तसे क्रम आले तर घडी बरोबर. ८-९ हे एकच पान-जोड अखंड कागदावर येतं, तेव्हा दोन पानांवर पसरलेलं चित्र किंवा लांब ओळींची कविता तिथेच ठेवावी. सोळांत काय असावं? नामपृष्ठ, श्रेयनामावली, अनुक्रमणिका, एका कथेची सुरुवातीची चार पानं, वेगवेगळ्या घाटाच्या तीन कविता, टीपा असलेला एखादा लेख, एक चित्रपान आणि साहित्य पाठवण्याचे नियम. मजकूर आधीच्या अंकातला घेतला तरी लेखकाची परवानगी लेखी घ्या. स्वतःची कविता डमीत घालू नये. संपादक स्वतःलाच छापणार का, हा प्रश्न मुलाखतीत येणारच असतो, त्याला आपण कशाला निमंत्रण द्यायचं?

उणिवा आणखी आहेत. एकाच फाइलवर दोघांना एकाच वेळी काम करता येत नाही. बदल कुणी केला हे दाखवणारी सोय नाही. चित्रं फाइलमध्ये नसतात, फक्त जोडलेली असतात. म्हणून फाइल पेनड्राइव्हवर टाकून दुसरीकडे नेली की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ने फाइल, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करूनच हलवायची. सगळा अंक एकाच जोडलेल्या चौकटींच्या साखळीत ओतला तर सॉफ्टवेअर जडावतं, प्रत्येक अक्षरामागे थांबतं. प्रत्येक कथेची साखळी वेगळी ठेवा. शंभर पानांच्या पुढे गेलात तर विभागवार फाइली करा आणि प्रत्येकीचा सुरुवातीचा पृष्ठांक हाताने द्या. मजकूर थेट पानावर दुरुस्त करताना जोडाक्षराच्या आत कर्सर नेमका कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा स्टोरी एडिटर ही नुसत्या मजकुराची वेगळी खिडकी उघडून तिथे दुरुस्ती करा. मुद्रितशोधन मात्र कागदावरच. पान, परिच्छेद, ओळ असा क्रमांक टाकून दुरुस्त्या लिहायच्या, एकाने भरायच्या आणि दुसऱ्याने ताडायच्या. दुरुस्त्या स्क्राइबसमध्ये होतात, मूळ ओडीटीत जात नाहीत. अंक नंतर संकेतस्थळावर टाकायचा असेल तर अंतिम मजकूर स्क्राइबसमधून बाहेर काढून घ्या. पीडीएफमधून नक्कल केलेली देवनागरी पुष्कळदा फुटते, पहिली वेलांटी हमखास भरकटते.

पर्यायांचं थोडक्यात. चित्रं नसलेला, नुसत्या गद्याचा अंक असेल तर लिब्रेऑफिस रायटर पुरेसा आहे, उगाच स्क्राइबस शिकू नका. इनडिझाइन हे पानमांडणीचं विकतचं सॉफ्टवेअर जास्त सफाईदार आहे. त्यातही परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा मजकूर बसवण्याचा पर्याय लावला नाही तर देवनागरी फुटते, आणि परवान्याचं वर्गणीचं ओझं दर वर्षी पुढच्या संपादकाच्या गळ्यात पडतं. ऑनलाइन डिझाइनच्या संकेतस्थळांवर प्रचाराचं पोस्टर झकास होतं. ९६ पानांच्या अंकासाठी शैलींची शिस्त तिथे सांभाळणं जिकिरीचं.

शिकायला किती वेळ? मजकूर साफ असेल तर सोळा पानांची डमी नवख्या माणसाच्या हातून पाच-सहा संध्याकाळी होते. त्यातल्या पहिल्या दोन समास, मास्टर आणि शैली यांतच जातात, आणि त्या वाया गेल्या असं समजू नये. डमी मनासारखी झाली की तीच साचा म्हणून साठवायची. निवडून आलात तर अंकाचं काम त्याच साच्यावर सुरू होतं, दिवसाला सहा ते आठ पानं लागतात. ९६ पानांना पंधरा दिवस धरा. साहित्य स्वीकारणं बंद झाल्यावर निवडीला तीन आठवडे, लेखकांशी बोलून संपादनाला दोन, मांडणीचे हे पंधरा दिवस, मुद्रितांच्या दोन फेऱ्यांना दहा दिवस, आणि पुढे छापखाना मागेल तेवढे. अंक प्रसिद्ध करायच्या तारखेपासून हे उलटं मोजत यायचं. साहित्य मागवण्याची शेवटची तारीख जिथे पडते तीच जाहीरनाम्यात छापायची.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो सामायिक कामाची सोय नसल्याबद्दल, अर्धा लांब मजकुरात जडावण्याबद्दल, आणि उरलेला अर्धा पुस्तिका लावण्याची साधी सोयही न दिल्याबद्दल. फाइल पाठवण्याआधी छापखान्याला एवढं विचारा : पीडीएफची कोणती जात, ब्लीड किती, फर्मा किती पानी, कागदाची जाडी किती. पीडीएफ नको, इनडिझाइनचीच फाइल द्या, असं उत्तर आलं तर छापखाना बदलता येतो का ते बघा. तेही शक्य नसेल तर स्क्राइबस डमीपुरतंच ठेवा आणि अंकाची मांडणी छापखान्याकडूनच करून घ्या, शैलींची यादी मात्र आपली द्या.